वैखरीचा उंबरठा

शास्त्राच्या प्रांतांत एखादी नवी गोष्ट घडली म्हणजे तिच्याबरोबर एखादा नवा वाक्प्रचारहि जन्मास येतो, आणि पुष्कळदां मूळ गोष्टीपेक्षां तो वाक्प्रचारच अधिक दूरवर पोहोंचतो. मेंदूंतील विद्युत्-व्यापार टिपून त्यांवर संगणक चालविण्याची जी विद्या गेल्या पन्नास वर्षांत वाढीस लागली आहे, तिच्या वांट्यास असे दोन वाक्प्रचार आले आहेत. "नुसत्या विचारानें यंत्र चालविणें" हा एक, आणि "मन वाचणारें यंत्र" हा दुसरा. २०२४ च्या जानेवारींत न्यूरालिंक या अमेरिकन कंपनीनें आपलें यंत्र प्रथमच एका मनुष्याच्या मेंदूंत बसविलें, तेव्हांपासून तर हे शब्द घरोघरच्या संभाषणांत येऊन बसले आहेत. यंत्राची रचना तपासण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. तो ज्यांचा आहे त्या शास्त्रज्ञांकडेच राहूं द्यावा. परंतु हीं यंत्रें आतां वाक्यें बोलूं लागलीं आहेत, आणि जेथें वाक्य आलें तेथें तें कोणाचें, त्यांतील शब्द कोणीं निवडला, हे प्रश्न वाङ्मयाच्या टीकाकाराचे आहेत. त्या नात्यानें या विषयाचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम यंत्र काय करतें तें पाहूं. जर्मनींतील येना येथील मानसरोगचिकित्सक हान्स बर्गर यांनीं १९२४ सालीं मनुष्याच्या मेंदूंतील विद्युल्लहरी प्रथम टिपल्या आणि १९२९ सालीं तो वृत्तांत प्रसिद्ध केला. १९७३ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठांतील जाक व्हिडाल यांनीं या लहरींच्या द्वारें मेंदू आणि संगणक यांचें सरळ दळणवळण घडवितां येईल काय, असा प्रश्न मांडून या विद्येस तिचें नांव दिलें. १९८८ सालीं फार्वेल आणि डाँचिन या दोघां अमेरिकन संशोधकांनीं पडद्यावर छत्तीस घरांचा एक चौकोन मांडला. त्याच्या ओळी आळीपाळीनें उजळत, आणि मनांत धरलेलें अक्षर ज्या ओळींत असे ती ओळ उजळतांच मेंदूंत एक विशिष्ट लहर उठे. त्या लहरीवरून अक्षर ठरवावयाचें. मिनिटास दोन-तीन अक्षरें, एवढीच त्याची गति होती. पुढें २००४ सालीं अमेरिकेंत मॅथ्यू नेगल या मानेखालीं लुळ्या पडलेल्या तरुणाच्या मेंदूंत ९६ सूक्ष्म विद्युदग्रांची एक टिकली बसविण्यांत आली. तिच्या साह्यानें त्यानें पडद्यावरील बाण हालविला, दूरचित्रवाणीचा संच चालविला आणि एका कृत्रिम हाताची मूठ उघडली व मिटली. या प्रयोगाची हकीकत २००६ सालीं प्रसिद्ध झाली.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावयास हवी. नेगलच्या मेंदूंतील ती टिकली त्याच्या मनांतल्या कल्पना किंवा आठवणी टिपीत नव्हती. हात हालविण्याची आज्ञा मेंदूच्या ज्या भागांतून सुटते त्या भागांत ती बसविलेली होती. हात निकामी झाला तरी आज्ञा सुटतच होती, आणि ती वाटेंत अडवून यंत्राकडे वळविली जात होती. २०२१ सालीं स्टॅनफर्ड येथें झालेल्या प्रयोगांत हें आणखी स्पष्ट झालें. तेथील गृहस्थाचे हात अनेक वर्षें निश्चेष्ट होते. त्यांनीं मनांतल्या मनांत लेखणी धरून कागदावर अक्षरें काढण्याचा प्रयत्न करावा आणि यंत्रानें त्या प्रयत्नावरून अक्षर ओळखावें, अशी योजना होती. मिनिटास ९० अक्षरें या गतीनें ते लिहूं शकले आणि शंभरांतील चौऱ्याण्णवांहून अधिक अक्षरें बरोबर आलीं. तेव्हां यंत्र वाचतें तो विचार नव्हे. विचार ठरून गेल्यावर हातानें किंवा जिभेनें केलेला, पण शरीरापर्यंत न पोहोंचलेला प्रयत्न तें वाचतें.

आमच्या परंपरेंत वाणीचे चार प्रकार मानिलेले आहेत: परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी. भर्तृहरि तीनच मानतो, पण त्या वादाचें येथें प्रयोजन नाहीं. परा ही मूळची अव्यक्त वाणी. पश्यंतींत अर्थ अखंड दिसतो पण शब्द वेगळे झालेले नसतात. मध्यमेंत शब्द मनांत ओळीनें उभे राहतात. आणि वैखरींत ते तोंडावाटें बाहेर पडतात. आमच्या पूर्वजांस ही आधुनिक विद्या ठाऊक होती असें कोणी यावरून म्हणूं लागेल, तर त्यास आमची संमति नाहीं. विजेचा आणि मज्जापेशींचा शोध त्यांनीं लावला नव्हता. परंतु मनांतला शब्द आणि उच्चारलेला शब्द यांमध्यें एक उंबरठा आहे, एवढें त्यांनीं अचूक पाहिलें होतें, आणि त्या उंबरठ्याला इतकें सुटसुटीत नांव दुसऱ्या फारशा भाषांत सांपडणार नाहीं. आज जीं यंत्रें चालतात त्यांतील बहुतेक या उंबरठ्यावर उभीं आहेत. मध्यमा वैखरी होऊं पाहते त्या क्षणीं तीं तिचा हात धरतात.

हा भेद शब्दच्छल नव्हे. मनुष्याचें वाक्य त्याचें असतें तें दोन हक्कांनीं. त्यांतला शब्द त्यानें स्वतः निवडलेला असतो, हा पहिला हक्क. आणि तें वाक्य न बोलणें त्याच्या हातीं असतें, हा दुसरा. यंत्राची खरी परीक्षा या दोन हक्कांवर व्हावी असें आम्हांस वाटतें. वर्तमानपत्रांत जी परीक्षा होते ती मिनिटास शब्द किती एवढ्यावरच होते.

पहिल्या हक्काचा विचार करतांना एका फ्रेंच पुस्तकाचें स्मरण होतें. ज्याँ-दोमिनिक बॉबी हे पॅरिसच्या 'एल्' या साप्ताहिकाचे संपादक. १९९५ च्या डिसेंबरांत मेंदूंतील आघातामुळें त्यांचें सर्व शरीर निश्चल झालें. बुद्धि शाबूत राहिली आणि हालण्यासारखी एक डाव्या डोळ्याची पापणी तेवढी उरली. समोरच्या मनुष्यानें फ्रेंच भाषेंत अधिक येणाऱ्या अक्षरांपासून आरंभ करून वर्णमाला म्हणावी आणि हवें तें अक्षर येतांच यांनीं पापणी मिटावी, या रीतीनें त्यांनीं क्लोद मांदिबिल या बाईंकडून एक अखंड पुस्तक लिहवून घेतलें. पाणबुड्याचा पोशाख आणि फुलपाखरूं अशा अर्थाचें त्याचें नांव. १९९७ च्या मार्चांत तें प्रसिद्ध झालें आणि कांहीं दिवसांतच लेखक निवर्तले. या पुस्तकाकडे दयेच्या दृष्टीनें पाहण्याचा प्रघात आहे. आम्हांस तो लेखकावर अन्याय वाटतो. बॉबी प्रत्येक वाक्य लेखनिक येण्यापूर्वीं मनांत घोळवीत, घासून पुसून पाठ करीत आणि मग एकेक अक्षर देत. त्यामुळें प्रकरणें लहान आणि वाक्यें आटोपशीर झालीं. विनोद आहे तो स्वतःच्या दशेवरचा, आणि रडगाणें कोठेंहि नाहीं. त्यांतील एकहि शब्द सहज आलेला नाहीं, म्हणून प्रत्येक शब्द त्यांचा आहे.

त्याच पुस्तकांत एक मार्मिक प्रसंग आहे. बॉबींना चष्मा हवा होता. फ्रेंचमध्यें चष्म्याच्या शब्दाचीं आरंभींचीं अक्षरें चंद्राच्या शब्दाचींच आहेत. तेवढीं ऐकून समोरच्या व्यक्तीनें, चंद्र घेऊन काय करणार, असें त्यांना विचारलें. वाक्य पुरें होण्याआधीं तर्क करण्याची ही मानवी खोड आहे, आणि आजच्या यंत्रांत ती गणिताच्या रूपानें येऊन बसली आहे. हें कसें घडतें तें सांगतों. मेंदूंतील संकेतांवरून यंत्राला निश्चित शब्द कळत नाहीं. अमुक ध्वनि असावा, किंवा कदाचित् तमुक, अशा संभवांची एक यादी मिळते. मग पुष्कळ इंग्रजी मजकूर पचविलेली दुसरी एक योजना त्या संभवांतून भाषेंत सर्वांत अधिक शक्य असें वाक्य उचलते. या जोडीच्या बळावर गति झपाट्यानें वाढली. २०२१ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें पन्नास शब्दांच्या कोशावर मिनिटास सुमारें १५ शब्द मिळाले. २०२३ सालीं स्टॅनफर्डमध्यें सव्वा लाख शब्दांच्या कोशावर ६२ शब्द मिळाले, पण त्यांत चारांपैकीं जवळजवळ एक चुकत असे. त्याच वर्षीं सॅन फ्रान्सिस्को येथें ७८ शब्दांची गति गांठली गेली. २०२४ सालीं कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथें, स्नायु निकामी करीत जाणाऱ्या एएलएस या विकारानें वाचा गेलेल्या एका गृहस्थाच्या बाबतींत, शंभरांत ९७ हून अधिक शब्द बरोबर आले, आणि ते यंत्रानें त्यांच्याच पूर्वीच्या आवाजांत उच्चारले.

या यशाला नांवें ठेवण्याइतके आम्ही कोत्या मनाचे नाहीं. ज्याची वाचा गेली त्याला आपल्या मुलांशीं पुन्हां बोलतां आलें, याहून मोठें काय असूं शकतें? गति ही उपेक्षणीय वस्तु नव्हे, हें खुद्द बॉबींनींच सांगितलें आहे: हजरजबाबीपणा आपल्या वाट्यांतून गेला, कारण कोटी अक्षराअक्षरानें सांगून होईपर्यंत तिची धार बोथटून जाते, अशी त्यांची तक्रार आहे. तथापि "बरोबर" या शब्दाचा अर्थ मात्र तपासला पाहिजे. अधिक शक्य तें निवडणें हा ज्या योजनेचा धर्म, तिच्या हातीं वाङ्मयाचें काय होईल? समजा, एखाद्यानें मनांत म्हटलें, "माझ्या घराची वाट मोडली." 'वाट' आणि 'खाट' यांत एका ध्वनीचा फरक. खाटा नित्य मोडतात, वाटा क्वचित् मोडतात. म्हणून संकेत जरा अस्पष्ट असला कीं यंत्र खाटच मोडील. पाणी मागणाऱ्या रोग्याला या अनुमानाचा उपयोगच होईल, कारण त्याला म्हणावयाचें असतें तें नेहमींचेंच असतें. पण मनुष्य नेहमींचें सोडून कांहीं म्हणूं लागतो तेव्हांच त्याचें व्यक्तित्व प्रकट होतें, आणि नेमक्या त्याच वेळीं हें अनुमान त्याला मागें ओढतें.

आमच्या भाषेंत ही अडचण आणखी वाढेल. इंग्रजींत "मी गेलो" आणि "मी गेलें" यांत भेद नाहीं. मराठींत क्रियापदच बोलणाराचें लिंग सांगतें. यंत्रानें पचविलेल्या मजकुरांत पुरुषांचें लेखन अधिक असेल, तर तें एखाद्या स्त्रीच्या तोंडीं पुरुषाचें क्रियापद घालील. तूं, तुम्ही आणि आपण यांतील निवड तर बोलणारा आणि ऐकणारा यांच्या नात्यावर ठरते. तें नातें सरासरीवरून कसें कळावें? उलट, आमच्या वर्णमालेंत एक सोय आहे, तिचा उपयोग व्हावयास हवा. क पासून म पर्यंतचे पंचवीस वर्ण पांच ओळींत पांच पांच असे आधींच मांडलेले आहेत. प्रथम वर्ग आणि मग त्यांतील स्थान एवढें खुणेनें सांगितलें कीं वर्ण ठरला. असा तक्ता पुठ्ठ्यावरहि काढतां येतो, आणि मेंदूचें यंत्र ज्याला कधींच परवडणार नाहीं अशा रोग्यालाहि पापणीनें वापरतां येतो.

२०२५ सालीं डेव्हिस येथल्याच संशोधकांनीं त्याच गृहस्थांवर निराळा प्रयोग केला, त्याची दखल टीकाकारानें विशेष घ्यावी. या वेळीं शब्द ओळखण्याची आणि अनुमानाची पायरीच गाळून, मेंदूंतील संकेतांवरून सरळ आवाज उत्पन्न करण्यांत आला, आणि तोहि उच्चाराच्या प्रयत्नाबरोबरच, जवळजवळ विलंब न लागतां. हा आवाज पुष्कळ अस्पष्ट होता. ऐकणारांना सगळे शब्द कळत नसत. पण त्यांत प्रश्नाचा चढ होता, हव्या त्या शब्दावर जोर देतां येत होता, कोशांत नसलेले उद्गार काढतां येत होते, साधे सूरहि लावतां येत होते. पहिलें यंत्र शुद्ध बोलत होतें. दुसऱ्यांत मनुष्य अडखळत कां होईना, स्वतः बोलत होता. दोहोंपैकीं एकच पत्करावें लागलें तर व्यवहारासाठीं आम्ही पहिलें पत्करूं, पण वाणीचा खरा मार्ग दुसरें दाखवितें असें आमचें मत आहे.

निवडीच्या हक्काचा अगदींच लोप झाला म्हणजे काय होतें, याचेंहि उदाहरण या विद्येच्या इतिहासांत आहे. पापणीहि हालविणें ज्यांना अशक्य झालें आहे अशा चार रोग्यांनीं मेंदूंतील रक्तप्रवाहाच्या द्वारें होय किंवा नाहीं अशीं उत्तरें दिलीं, असा एक निबंध २०१७ सालीं जर्मनींतून प्रसिद्ध झाला. त्याच्या आधारसामग्रीविषयीं आक्षेप निघाले आणि २०१९ सालीं नियतकालिकानें तो मागें घेतला. मुका मनुष्य आपल्या नांवावर खपविलेलें "होय" नाकारूं शकत नाहीं. आमच्या प्राचीन वाङ्मयाच्या अभ्यासकांना हा रोग नवा नाहीं. संतांच्या नांवावर मागाहून घुसडलेले अभंग त्यांनीं पुष्कळ पाहिले आहेत. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याच हेतूनें, कीं ज्ञानेश्वरांचें तें ज्ञानेश्वरांस मिळावें. मेंदूच्या यंत्रांतून आलेल्या मजकुरालाहि हीच संहिताचिकित्सा लावली पाहिजे. ज्याच्या नांवावर मजकूर प्रसिद्ध होतो त्यानें दिलेलें अक्षर कोणतें, अनुमानानें भरलेलें कोणतें, आणि अखेरचें वाक्य त्याला दाखवून त्याची मान्यता घेतली होती कीं नाहीं, एवढें तरी अशा प्रत्येक लेखाबरोबर नमूद असावें. ही मागणी जड आहे असें आम्हांस वाटत नाहीं. पाठभेद देतांना आमचे संपादक याहून अधिक कष्ट घेतात.

आतां दुसरा हक्क, न बोलण्याचा. यंत्र वैखरीच्या उंबरठ्यावर उभें आहे असें वर म्हटलें. पण तें तेथेंच उभें राहील काय? २०२५ च्या ऑगस्टांत स्टॅनफर्डच्या संशोधकांनीं या प्रश्नाचें उत्तर दिलें. जिभेचा प्रयत्न मुळींच न करतां मनांतल्या मनांत म्हटलेले शब्दहि मेंदूच्या त्याच भागांत उमटतात. त्यांचा ठसा उच्चाराच्या प्रयत्नाच्या ठशासारखाच पण फिकट असतो, असें चार व्यक्तींच्या साह्यानें त्यांना आढळलें. अशीं मनांत म्हटलेलीं वाक्यें यंत्रानें जास्तींत जास्त ७४ टक्क्यांपर्यंत ओळखलीं. एवढेंच नव्हे, तर पडद्यावरील कांहीं आकृति मोजावयास सांगितलें असतां, बोलण्याची आज्ञा नसतांना मनांत चाललेली मोजणीहि त्यांना थोडीफार वाचतां आली. म्हणजे उंबरठा ओलांडून यंत्राचें एक पाऊल मध्यमेच्या घरांत पडलें. संशोधकांची तारीफ अशी कीं, त्यांनीं याच निबंधांत कुलुपाचीहि योजना दिली. ठरलेला एक विलक्षण शब्दसमूह मनांत म्हणावा, तेव्हांच यंत्र ऐकूं लागेल. एरवीं तें बहिरें राहील. ही किल्ली शंभरांत ९८ हून अधिक वेळां बरोबर ओळखली गेली. ती निवडतांना भाषेंत सहसा न येणारे शब्दच घ्यावे लागले, ही गोष्ट वाङ्मयाच्या वाचकास गमतीची वाटेल: ज्या दुर्मिळ शब्दाला अनुमानाची योजना दूर लोटते, त्याच्याच हातीं मनाच्या दाराची राखण द्यावी लागली.

हें कुलूप शास्त्रज्ञांच्या सौजन्यावर सोंपवून भागणार नाहीं, हें आपल्याच घरच्या अनुभवावरून दिसतें. २००८ सालीं पुण्याच्या सत्र न्यायालयानें एका खुनाच्या खटल्यांत आरोपीच्या मेंदूच्या विद्युत्-चांचणीचा निष्कर्ष दोषसिद्धीच्या पुराव्यांत जमेस धरला. मेंदूंतील लहरींवरून त्या व्यक्तीला गुन्ह्याचा स्वानुभव आहे असें ठरवितां येतें, असा त्या चांचणीच्या पुरस्कर्त्यांचा दावा होता. पुढें ५ मे २०१० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, कोणाचीहि मेंदूची चांचणी त्याच्या संमतीवांचून घेतां येणार नाहीं. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ति न होण्याचा जो हक्क घटनेनें दिला आहे त्याचा त्यामुळें भंग होतो. दक्षिण अमेरिकेंतील चिली या देशानें २०२१ सालीं मेंदूच्या व्यापारांचें आणि त्यांतून मिळणाऱ्या माहितीचें संरक्षण आपल्या राज्यघटनेंतच घातलें. या निर्णयांकडे केवळ कायद्याच्या दृष्टीनें पाहूं नये. बोललेल्या शब्दाला किंमत येते ती न बोलण्याची मोकळीक असते म्हणून. कबुली, वचन, प्रेमाची भाषा, कविता, या सर्वांचा आधार ती मोकळीक आहे. मनांत येईल तें सर्व जेथें बाहेर पडतें तेथें बोलणें असें उरतच नाहीं. तेथें माणूस पाझरणाऱ्या मडक्यासारखा होतो.

असो. आरंभींच्या दोन वाक्प्रचारांविषयीं आमचा निर्णय आतां सांगतां येईल. "नुसत्या विचारानें यंत्र चालविणें" यांत अतिशयोक्ति आहे, पण ती निरुपद्रवी आहे. विचाराऐवजीं प्रयत्न म्हटलें कीं ती खरी होते, आणि निश्चेष्ट शरीरांत वर्षानुवर्षें चाललेला तो प्रयत्न विचाराहून कमी आदरणीय नाहीं. "मन वाचणारें यंत्र" हा वाक्प्रचार मात्र टाकून द्यावा. आज तो खोटा आहे, आणि तो खरा व्हावा अशी इच्छा करण्याजोगें त्यांत कांहीं नाहीं. ज्यांची वाचा हरपली आहे त्यांना मन वाचून घ्यावयाचें नसतें, त्यांना बोलावयाचें असतें. हीं यंत्रें करणारांनीं हा भेद सांभाळला, आणि प्रत्येक वाक्याबरोबर तें कोणाचें याचा चोख हिशेब दिला, तर बॉबींच्या पुस्तकाशेजारीं ठेवण्यासारखीं पुस्तकें या मार्गानेंहि येतील. त्यांचें स्वागत आम्ही इतर पुस्तकांप्रमाणेंच, म्हणजे दया न दाखवितां, करूं.